कोहळं फोडायले ये

मोहाडी, ता. १९ जुलै २००४

धनंजय,

आशीर्वाद. वरती आशीर्वाद लिहायची पद्धत हाये म्हनून लिहून राहिली. तुहा राग उतरला असन असं समजून नाई. माहाही उतरला नाई.

जाताना तू दारात उभा राहून म्हनला होता, "माय, तुहा थोरला लेक ते कोहळंच हाये. त्यालेच सांभाळ." सूनबाई चंदाच्या हातात पेटी, तुह्या खांद्यावर गादी, अन् शेजारची रुखमा कुडावरून मान काढून आयकून राहिली होती. तिनं ते बोलनं दिवस बुडायच्या आंदी साऱ्या मोहल्ल्यात पोचवलं. आता बाया मले विचारतेत, "शकुंतलाबाई, थोरला कसा हाये?" मी सांगते, "मजेत हाये. दोन पानं निंगाली."

सांभाळून राहिली, बापा. मिरगातच घरामांगच्या वाडीत खड्डा केला, शेनखत भरलं, राख टाकली अन् बी लावलं. तुले वाटत असन, बी कुठून आलं? देवळातल्या सप्त्याच्या जेवनात तर माहं सारं बी गेलं होतं. तू कोहळं फोडलं, देवळाचा कारभार पाहनाऱ्या मारोतरावानं तुह्या गळ्यात हार घातला, आचाऱ्यानं गीर गंजात टाकला अन् बी म्हशीच्या टोपल्यात. मी मांगच्या दारानं धावत गेली तवा म्हैस रवंथ करून राहिली होती. आवळा देऊन कोहळा काढनं म्हनतेत ते हेच. मारोतरावानं तर आवळाही नाई देल्ला. झेंडूचा हार देल्ला, तोही देवाच्या अंगावरून उतरवलेला.

बी वाचलं ते रुखमाच्या जिभेनं. तिले भाजलेल्या बिया खायचा भारी नाद. दोन वर्षामांगं मी तिले मूठभर देल्ल्या होत्या, त्यातल्या उरलेल्या तिच्या डब्यात बडीशेपेसंगं पडून होत्या. आळशी बाई, भाजायच्याच राहिल्या. त्यातली एकच उगवली. माह्या मायनं लगनात माह्या ओटीत तांदळासंगं हे बी टाकलं होतं. आता माय गेली, अन् तिरोड्याले भाऊ धानाशिवाय काई लावत नाई. जिल्हा तुटला तवा माहेर गोंदियात गेलं अन् मी भंडाऱ्यात राहिली, अन् हे बी आता जगात कुठी असन तर माह्या वाडीत हाये.

तू म्हनशीन, माय जुनं उकरून राहिली. उकरतेच. पेपरात फोटो आला, तुहा हात कोहळ्यावर, अन् खाली लिहिलं का "प्रगतिशील शेतकरी धनंजय गभने यांनी पिकवलेले कोहळे". मी तवा गप्प राहिली. पन सप्त्यात तुह्या सासऱ्यासमोर एका पाहुन्यानं विचारलं, "कसं काय पिकवलं जी एवढं मोठं?" अन् तू छाती काढून म्हनला, "मेहनत अन् नियोजन." मंग माह्या तोंडातून निंगालं, "त्याले विचारा, नर फूल कोनतं अन् मादी कोनतं." लोक हासले. तुहा सासरा सगळ्यात जास्त हासला. त्यात माहा काय दोष? तुले सांगता आलं असतं तर माहीच फजिती झाली असती.

प्रश्न अजूनही तोच हाये. सांग, कोनतं?

वावर औंदा बटईनं देल्लं. गाय आटली. बाकी ठीक. ये म्हनत नाई.

तुही माय


मोहाडी, ता. १२ ऑगस्ट २००४

धनंजय,

धोंड्याचा महिना चालू हाये. तिकडं साकोलीले सासुरवाडीत जावयाच्या ताटात अनारसे पडत असन. खाय. सासऱ्याच्या टायरच्या दुकानात बसून खाय. घरजावयाले धोंडा रोजच असते म्हना.

तुहं उत्तर आलं नाई, म्हनून मीच सांगते. मादी फुलाच्या बुडाशी बोराएवढं इवलंसं कोहळं असते. नराच्या बुडाशी काईच नसते, निरा दांडा. नर पयले येतेत, ढिगानं येतेत, दिसायले मोठे, अन् ऊन चढलं का मान टाकतेत. हे मी फुलाचं सांगून राहिली. दुसरं काई समजू नोको.

आता लगीन कसं लावायचं ते पाह्य. सांजच्याला मादी कळीचं तोंड दोऱ्यानं बांधायचं, माशी-भुंगा आत जाऊ नाई म्हनून. सकाळी उजाडल्याबरोबर नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या, मंधातली दांडी मादीच्या पोटात हलक्या हातानं फिरवायची, अन् तिचं तोंड परत बांधून टाकायचं. मी हे करत होती तवा रुखमा कुडावरून म्हनते, "वऱ्हाडी कुठी हायेत? मले अक्षता तरी दे." मी म्हनली, "तू नवरदेवाची करवली, मान धर त्याची." आली मंग ती, नाकावर पदर धरून, हासत हासत.

अन् नवरदेव कोन हाये मालूम? साकोलीचा. तुह्या सासऱ्यानं मांगच्या दिवाळीले ते लहान, गोट्यावानी कडक सालीचं कोहळं आनलं होतं, आठवते? आपन त्याले हासलो होतो. पन ते पावसाळा लागेपावतो कोठीवर बसून राहिलं, सडलं नाई का सुकलं नाई. आपलं कोहळं मोठं होते, पन साल पातळ. संक्रांत पाहिली तर पाहिली, नाई तर बुडातून नरम पडते. माह्या मायच्या हयातीत ही खोड गेली नाई. तर औंदा मी त्याचंही बी बाजूले लावलं, मादी आपली घेतली अन् नर त्या साकोलीच्या वेलाचा घेतला. मोठंही व्हावं अन् टिकावंही.

रुखमा म्हने, "तुहा एक घरजावई तिकडं गेला, एक इकडं आला. हिसाब बरोबर झाला." मले हासू आलं. मंग घरात येऊन चहा केला तर सवयीनं जास्तीचा झाला. गायीच्या घमेल्यात ओतला. ती चहा पीत नाई.

चंदाले सांग, अनारशाले पीठ जास्त दिवस भिजू देत जाय, तिचे फसफसतेत.

तुही माय


मोहाडी, ता. १५ सप्टेंबर २००४

धनंजय,

काल पोळा झाला. बैल बटईवाल्याकडं होते, तोच सजवून घेऊन आला. मी ओवाळलं. बैल आपला गोठा सोडून पुढं जाईना, तुही वाट पाहत असन. मी त्याले म्हनलं, "चाल, त्याले टायर लागते आता, बैल नाई."

लगीन लागलं. फूल गळलं नाई. कोहळं आता माठाएवढं झालं. वेलावरचे बाकीचे सगळे मी चिमटून फेकले. एका वेलावर एकच ठेवायचं, सारा रस त्यालेच गेला पाहिजे. रुखमाले लय वाईट वाटलं, "अव, भाजी तरी केली असती." मी म्हनली, "दहा लेकरं अर्धपोटी ठेवन्यापरीस एक पोटभर." ती म्हने, "अन् त्या एकानं लाथ मारली तर?" तोंडाळ बाई हाये.

वेलाच्या गाठीगाठीवर माती टाकली, म्हनजे तिथीही मुळं फुटतेत. खाली धानाची तनस अंथरली. ऊन लय हाये म्हनून माहं जुनं लुगडं भिजवून वरतून टाकते. दुरून पाहनाऱ्याले वाटते वाडीत कोनी बाई निजली हाये. वांदरं आले होते. साकोलीचा सारा वेल त्यांनी उपटून खाल्ला, कोहळ्यालेही दात लावायले गेले, पन मी काठी घेऊन सुटली. एक मोठा हुप्प्या माह्याकडं दात इचकून पाहत होता. मी पन इचकले. तोच गेला.

म्हनजे साकोलीचा नर आता उरला नाई. लगीन एकच, अन् लेकरूही एकच. ध्यानात ठेव, या लगनाचा गुन फळावर दिसत नाई. फळ मायसारखंच होते, मोठं अन् पातळ सालीचं. गुन उतरते बियामंधी. ते बी पुढच्या मिरगात लावलं तवा कळन का नवरदेवानं काई देल्लं का नाई. तवरिक मी थांबते. मले थांबता येते.

मारोतराव कुडाजवळ थांबून पाहून गेला. म्हने, "वयनी, एवढी मेहनत कायले? पोरगा तर गेला." मी म्हनली, "गेला नाई, साकोलीले हाये. अन् तो असताना तरी मेहनत कोन करत होतं?"

तुही माय


मोहाडी, ता. १८ नोव्हेंबर २००४

धनंजय,

दिवाळीनंतरच्या मंडईची जत्रा झाली. औंदा दंडारीचा खेळ चांगला होता, पन लोक दंडारीपरीस आपल्या अंगनात जास्त होते. कोहळं तोडलं अन् चौघांनी खाटेवर घालून राईस मिलच्या काट्यावर नेलं. एकसष्ट किलो. मांगच्या वर्षी तुह्या हाराचं होतं ते अडतीस भरलं होतं, हे आपलं सांगून ठेवते. खाटेची एक दोरी तुटली. काट्यावरच्या पोट्ट्यानं दोनदा मोजलं, त्याले वाटलं काटा बिघडला.

पेपरवाला परत आला. त्यानं वही काढली अन् विचारलं, "शेतकऱ्याचं नाव?" मी म्हनली, "शकुंतला इश्वर गभने. लिह्य, आनखी कोनाचं नाव लिहू नोको." लिहिलं त्यानं माह्यासमोर. छापून काय आलं? "धनंजय गभने यांच्या मातोश्री यांनी". मी पेपर चुलीत टाकला. मंग फोटो आठवला, तर अर्धा जळला होता. कोहळं वाचलं, माहं डोकं गेलं.

आता मुद्द्याचं लिहिते. तुले मालूम हाये आपल्याकडं अख्खं कोहळं बाई फोडत नाई. कोहळं म्हनजे थोरला लेक. पयला इळा पुरुषानं मारायचा, मंग बायांनी चिरायचं. तुहे बाबा होते तवरिक ते मारत होते. ते गेल्यावर तू. घरचा पुरुष जित्ता असताना दुसऱ्या घरचा मानूस हात लावत नाई, कारन तसं केलं म्हनजे घरचा मेला असं होते. तुले थोरला म्हना का धाकला, एकटा तूच हायेस. म्हनून हे काम तुहं हाये.

तर कोहळं फोडायले ये. सकाळच्या बसनं आला तर सांजच्याला परत जाशीन. मुक्काम कर म्हनत नाई. सप्त्यात बोलली त्याची माफी मांगनार नाई, ते खरंच होतं. तूही मांगू नोको. इळा मार, बी माह्या हातात पडू दे, अन् जाय. चंदाले आनलं तर तिच्यासाठी कोहळ्याची भाकर करीन, तिले आवडते.

बियाशिवाय मले काई नोको. गीर तू साकोलीले घेऊन जाय, सासऱ्याच्या दुकानात वाट. तिथीही कोनी विचारलं तर मेहनत अन् नियोजन म्हनून सांगजो, मी आड येनार नाई.

तुही माय


मोहाडी, ता. २१ डिसेंबर २००४

धनंजय,

तुहं कार्ड आलं. घर सोडल्यावर नऊ महिन्यानं आलं अन् त्यात एक ओळ. "माय, मी असल्या अंधश्रद्धा मानत नाही. तुझं कोहळं तूच फोड." शाळेतल्यासारखं शुद्ध लिहिलं. रागात हाये म्हनजे.

अन् त्याच्याच खाली, पत्त्याच्या रेघेपाशी, बारीक अक्षरात चंदानं लिहिलं, "आई, तुमी नोका फोडू जी. ह्यायले काई झालं तर? मले भेव लागते." तू कार्ड पेटीत टाकायले तिच्या हाती देल्लं असन, अन् तिनं तुह्या मांगं लिहिलं असन. तिच्यावर ओरडू नोको. एकाच कार्डावर नवरा म्हनते फोड, बायको म्हनते नोको फोडू. मी कोनाचं आयकू?

अंधश्रद्धा मानत नाई तर येऊन फोडायले काय झालं होतं? न माननाऱ्याले काई होत नाई म्हनतेत. भेव तर माननाऱ्याले असते. तू मानत नाई, पन येतही नाई. याले अंधश्रद्धेविरुद्ध लढनं म्हनत नाई, बाबू, याले फुगून बसनं म्हनतेत. ते तू लहानपनापासून करून राहिला. दुधात साय आली तरी फुगत होता.

कोहळं बुडातून नरम पडून राहिलं. बोट लावलं तर थोडं आत जाते. वास अजून नाई, पन येईन. मारोतराव काल परत आला. म्हने, "वयनी, असं करा. कोहळं देवाले वाहून टाका. मंग ते तुमच्या घरचं राहिलं नाई, देवाचं झालं. देवाच्या नावानं मी इळा मारतो." मी विचारलं, "अन् बी?" तो म्हने, "देवाले वाहिलेलं परत घेतेत का? बी देवाच्या वाडीत लावू." देवाची वाडी म्हनजे याची वाडी, हे साऱ्या गावाले मालूम हाये. मी म्हनली, "एक डाव म्हैस खाऊन गेली, आता तुमी आले." तो रागानं गेला. जाताना म्हने, "मंग सडू द्या घरातच. पन हात लावू नोका, पोराच्या जिवाशी खेळ हाये."

हे त्यानं बोलायले नोको होतं. तवापासून हे बोलनं घरात बसून हाये. रुखमा पन आता मस्करी करत नाई. अन् मी इळा घासून कोनाड्यात ठेवते, मंग काढून पाहते, मंग ठेवते. मी भेत नाई. मी फक्त पाहून राहिली.

तू बारीक झाला. निळ्या सदऱ्याची कॉलर फाटली, चंदाले सांग उलटवून शिवून दे. टायर उचलताना कंबरेतून वाकू नोको, गुडघ्यातून बस. मले कोनी सांगितलं ते विचारू नोको.

शेवटचं सांगून राहिली. संक्रांतीच्या आंदी ये.

तुही माय


मोहाडी, ता. १० जानेवारी २००५

धनंजय,

फोडलं.

मीच फोडलं. तू नाई, मारोतराव नाई, देव नाई. पयला इळा माहा.

आता सांगते, कारन लपवून ठेवून उपेग नाई. मांगच्या महिन्यात मी साकोलीले आली होती. डोळ्याच्या डॉक्टरचं काम होतं, असं मी रुखमाले सांगितलं होतं. माहे डोळे चांगले हायेत. बस स्टँडच्या बाजूनं रस्त्याच्या इकडं उभी राहून मी तुले पाहिलं. तू ट्रकचं चाक काढून राहिला होता, मंग चहा पेला, मंग कोनाशी तरी हासला. जित्ता, धडधाकट. मी हाक मारनार होती. तेवढ्यात तुहा सासरा बाहेर आला अन् मले सप्त्यातलं त्याचं हासनं आठवलं, अन् मी परतीची बस पकडली. ठरवून आली होती का तुले डोळ्यानं पाहीन, मंग फोडीन. घरी येऊन हात उचलला नाई. तुले पाहिल्यावर जास्तच भेव वाटलं. मंग मी ते शेवटचं सांगून राहिली म्हनून पत्र लिहिलं.

वाट पाहिली. बस आली का कुडाजवळ जात होती. कोनी उतरलं नाई.

काल सकाळी कोहळ्याले वास आला. मी उकिडवी बसून कान लावला तर आत पानी डुचमळत होतं. मी त्याले बोलली, खरं सांगते, मोठ्यानं बोलली. म्हनली, "पाह्य रे, तू थोरला लेक असशीन तर मायचं आयक. लेक सडून मरावा म्हनून कोनती माय बसून राहते? हा कोनता नेम हाये का घरातलं सडलं तरी चालन, पन बाईचा हात लागू नाई?" रुखमा दारात आली. माह्या हातात तुह्या बाबाचा इळा पाहिला अन् "अव माय!" म्हनून पळाली. तिच्या घराची कडी लागल्याचा आवाज आला.

मी तुहं नाव घेतलं अन् मारला. देवाचं नाई घेतलं. पयला घाव निसटला, साल नुसती खरवडली. दुसरा बसला. इळा दांड्यापावतो आत गेला. मी तिथीच बसली अन् रडली. कायले रडली, मालूम नाई. मंग नाक पुसलं अन् दोन्ही हातानं फाकवलं.

आतून अर्धं पानी झालं होतं. बियाले आतच कोंब फुटले होते, पांढरे, लांब लांब, अंधारात एकमेकायमंधी गुंतलेले. ते गेले कामातून. मले वाटलं, झालं, सारं गेलं. तू आला असता तर वाचलं असतं, असं म्हनून तुले मनातल्या मनात शिव्याही देल्ल्या, त्या कागदावर लिहित नाई. मंग हात खांद्यापावतो आत घातला अन् वरच्या अंगाले, देठाकडं, गीर कडक लागला. तिथी बी चांगलं होतं. टपोरं, पांढरं, कोरडं. ओंजळभर निंगालं. राखेत चोळून सुपात वाळू घातलं.

रुखमा उतरत्या उन्हात परत आली. कडी काढून आली. पावशी घेऊन बसली अन् चांगला गीर चिरायले लागली. मंग म्हने, "शकुंतला, तुले हात दुखते का?" मी म्हनली, "दुखते." तिनं तेल गरम करून आनलं. भाजी झाली, मोहल्ल्यात वाटली. बायांनी खाल्ली. मानसांनी वाटी झाकून ठेवली, साकोलीहून काय खबर येते ते पाहून खानार म्हने. मी म्हनली, "ठेवा, भाजी आंबन."

अन् आता आयक, मजा पुढं हाये. आज सकाळपासून मांगच्या दारानं बाया येऊन राहिल्या. एक आली, दोन आल्या, "शकुंतलाबाई, चार बिया असन तर..." मारोतरावाची बायको पन आली, डोक्यावरून पदर ओढून. मी सगळ्यायले एकच अट सांगितली. ज्या बाईनं सोताच्या हातानं कोहळं फोडायचं कबूल केलं, तिलेच बी. बाकीच्यायले भाजी. काई तशाच गेल्या. काई उभ्या राहिल्या. मारोतरावाची बायको लय वेळ सुपाकडं पाहत राहिली, मंग म्हनते, "दे. ते झोपले असताना फोडीन."

या पाकिटात पाच बिया हायेत. त्या तुह्या नाई, चंदाच्या हायेत. अट तिलेही तीच हाये. तिले सांग, मिरगात लावजो, बोटभर खोल, एका वेलावर एकच ठेवजो. साकोलीच्या नवरदेवाचा गुन उतरला का नाई ते तिच्या अंगनातही दिसन. पिकलं का तिनं फोडायचं, तू नाई. तुहं काम खाट धरायचं. तिले भेव लागलं तर म्हन, तुह्या सासूनं फोडलं, पाह्य, काई झालं नाई.

काई झालं नाई ना?

मी भेत नाई, धनंजय. मी बरोबर केलं अन् परत असंच करीन. पुढच्या वर्षी दहा कोहळे लावीन अन् दहाही अंगनात, दिवसाउजेडी, मारोतरावासमोर फोडीन. पन काल रात्रीपासून कोनी दारावरून सायकलनं गेलं तरी मी उठून उभी होते. साकोलीची बस आली का पाहते, कोनी निरोप घेऊन तर नाई आलं. पोस्टमनले दोनदा विचारलं. तो मले हासते.

तुले काई झालं असन तर कळव. नाई झालं तरी कळव. माह्याशी बोलायचं नसन तर कार्डावर काई लिहू नोको, कोरंच टाक. पत्ता तेवढा तुह्या हातानं लिह्य.

तुही माय